इत्यादी यांना नम्र अभिवादन

३ सप्टेंबर

आत्या,

नमस्कार. फोनवर ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाही म्हणून तू फोन उचलत नाहीस, तेव्हा हे पत्र. लाल पेन हातात घेऊनच वाचणार हे माहीत आहे. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात तुझी एकतीस वर्षं गेली, त्यात माझं एक पान काय जड.

मी कॉलेज मध्येच सोडलं हे बाबांनी कळवलं असेल, पण त्यांच्या पद्धतीने. खरं असं झालं. इतिहासाचे सर गाइडमधून उतरवून देत होते आणि त्यात मुक्तिलढ्याचं सालच चुकलेलं. मी उठून सांगितलं. ते म्हणाले, "पेपर तपासणाऱ्याकडे हेच गाइड आहे. फार शहाणा असशील तर खरं साल लिही आणि नापास हो." मी वही फाडली. त्यांची. तिथून पुढचं सगळं आपोआप झालं.

सध्या एका पाथरवटाच्या कारखान्यात अक्षरं कोरतो. घरांच्या पाट्या, पायाभरणीचे दगड, असलं काम. मालक म्हणतात हात बरा आहे, तोंडाला मात्र झाकण बसवावं लागेल.

आता खरी बातमी. पुलाजवळच्या चौकात हुतात्म्यांचा एक जुना दगड आहे. त्यावर लोकांनी इतकी वर्षं जाहिराती चिकटवल्या आणि पालिकेने त्या इतक्या वेळा खरवडल्या, की जाहिरातींबरोबर अक्षरंही गेली. खालची एकच ओळ बाकाच्या आड होती म्हणून वाचली. ती ओळ अशी: 'इत्यादी यांना नम्र अभिवादन'. तर स्मारक समितीचे अध्यक्ष (यांची लाकडाची वखार आहे) त्या ओळीचा कागदावर छाप घेऊन आमच्याकडे आले. आणि ठरलं काय, तर हुतात्मा इत्यादी यांचा नवा दगड. वर त्यांचा चेहरा, खाली हीच ओळ, ठसठशीत.

खोटं वाटेल, पण इत्यादी नावाचा माणूस होता हे त्यांनी ठरवूनच टाकलंय. मला हसू फुटत होतं, पण ती हसली नाही म्हणून मीही हसलो नाही. देशाच्या इतिहासाची ही दशा, आणि घरचे मला म्हणतात तू शिकला नाहीस.

बाकी ठीक. ती बरी आहे.

तुझा भाचा

९ सप्टेंबर

चि. काडेपेटीस आशीर्वाद,

पत्र पोचलं. शुद्धलेखन सुधारलंय. कॉलेज सोडल्याचा काहीतरी फायदा दिसतो.

एकच चूक, पण मोठी. शेवटी शेवटी एक 'ती' येते. ती हसली नाही, ती बरी आहे. कोण ती? सर्वनामाच्या आधी नाम यावं लागतं, नाहीतर वाचणारा हवेत लोंबकळतो. नाम कळव. तोवर मी तिला 'सर्वनाम' म्हणेन.

इत्यादींचं वाचून माझा चहा बशीत कमी आणि मांडीवर जास्त गेला. अरे, इत्यादी म्हणजे आणखी बाकीचे. आधी दोन-तीन नावं आली तरच त्याला उभं राहता येतं. त्याला एकट्याला चौकात उभं केलं तर तो पडेल, आणि पडताना तुमच्या अध्यक्षांना घेऊन पडेल. गृहस्थाला बाजूला घेऊन हळूच सांग. हळूच म्हणजे काय हे तुला शिकवायला मी तिथे नाही.

आणखी एक. दगडावर वरच्या ओळीत एखादं अक्षर तरी उरलंय का? एखादा काना, एखादी वेलांटी? ओल्या फडक्याने पुसून, तिरप्या उन्हात बघ आणि कळव. सहज विचारतेय.

आत्या

२८ सप्टेंबर

आत्या,

दगड पुसला, सकाळच्या उन्हात पाहिला, संध्याकाळच्या पाहिला. वर काही नाही. एके ठिकाणी 'केसगळतीवर खात्रीशीर' एवढं वाचता येतं, पण ते नंतरचं आहे.

सर्वनाम म्हणजे अध्यक्षांची मुलगी. वाचनालयात बालविभाग सांभाळते. मी तिथे रोज जातो. माझ्या उंचीच्या माणसाला बसायला तिथे खुर्ची नाही, म्हणून लहान मुलांच्या स्टुलावर गुडघे कानाशी घेऊन बसतो आणि बेडकाच्या गोष्टी वाचतो. ती एकदा म्हणाली, "हे पुस्तक चौथ्यांदा नेताय." मी म्हणालो, कठीण आहे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेव्हा अध्यक्षांना काय सांगू आणि कसं सांगू? शिवाय आता ते एकट्यांचं राहिलेलं नाही. गाव पिसाळलंय. ऐक.

शाळेत इत्यादींवर निबंध स्पर्धा झाली. पहिल्या आलेल्या मुलाने लिहिलं, इत्यादींना लहानपणापासूनच अन्यायाची चीड होती. दुसऱ्याने लिहिलं, लढ्यात त्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांचे धाकटे बंधू वगैरे लढले. आता समितीत चर्चा चालू आहे की वगैरेंना वेगळा दगड द्यावा की याच दगडात बसवावं. प्रश्नमंजूषेत विचारलं, इत्यादी म्हणजे कोण? पर्याय: शिक्षक, नावाडी, लोहार, वरीलपैकी सर्व. एका मुलीने 'वरीलपैकी सर्व'वर खूण केली. तिला शून्य.

नाक्यावरचा रंगाचा दुकानदार स्वतःला इत्यादींचा पणतू म्हणवतो. घरात त्यांची काठी आहे म्हणे. वरच्या आळीचे म्हणतात इत्यादी आमचे, खालच्या आळीचे म्हणतात तुमच्याकडे ते फक्त दाढीला यायचे.

आणि कहर परवा झाला. इथल्या वर्तमानपत्रात बातमी आली, 'गोदामाला आग लागून टेबल, खुर्च्या, इत्यादी जळाले.' दुपारपर्यंत दोनशे माणसं कचेरीबाहेर. हुतात्म्याचं नाव खुर्च्यांच्या पंगतीत, तेही एकेरी. संपादकांनी माफी मागितली. आता गावात कुणी इत्यादी लिहीत नाही. भांड्यांच्या दुकानाच्या पाटीवर 'कळशा, तपेली व इतर मान्यवर' असं आहे.

मी संतापाने एक छन्नी मोडली. मालक म्हणाले, छन्नीचा इतिहास बरोबर होता, तिला का मारतोस.

भाचा

४ ऑक्टोबर

चि. काडेपेटीस,

'कळशा, तपेली व इतर मान्यवर' मी भिंतीवर लावलंय.

पण तुझं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. माझी सवय आहे, पान छापायला सोडण्याआधी तिसऱ्यांदा वाचायचं. त्यात तू लिहितोस, अध्यक्ष छाप घेऊन आले, आणि ठरलं काय तर असं असं. आले आणि ठरलं यांच्या मध्ये एक वाक्य गाळलेलं आहे. माणूस छाप घेऊन पाथरवटाकडे येतो तो विचारायला. त्याने विचारलं असणार, हे कोण? आणि कुणीतरी उत्तर दिलं असणार.

कुणी दिलं?

आत्या

१९ ऑक्टोबर

आत्या,

पंधरा दिवस हे पत्र लिहितोय आणि फाडतोय. या वेळी माझंच.

मी दिलं.

अध्यक्षांनी छाप टेबलावर पसरला आणि मालकांना विचारलं, "हे इत्यादी कोण हो?" मालक जेवायला गेले होते हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्यामागे ती उभी होती. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या अंगावर दगडाची पूड, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, नुसत्या दोन डोळ्यांचा. मला वाटलं गृहस्थ विनोद करतायत, आपणही एक फेकावा, ती हसेल. मी म्हणालो, "फार मोठा माणूस. पण कायम शेवटी उभा राहायचा, म्हणून नाव शेवटी येतं."

ती हसली नाही. तिला खोकला आला. आणि अध्यक्षांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ते म्हणाले, "बाळ, तुमच्या पिढीत इतकं वाचलेलं कुणी भेटत नाही." कॉलेजात मला कुणी असं म्हणालं नव्हतं. तिच्यासमोर तर कुणीच नाही. मी गप्प बसलो. सालाच्या एका आकड्यासाठी वही फाडणारा मी, अख्खा माणूस जन्माला घालून बसलो.

आता दगडाची स्थिती. खालची ओळ कोरून झाली, माझ्याच हाताने: 'इत्यादी यांना नम्र अभिवादन'. वर अडीच फूट जागा चेहऱ्यासाठी कोरी आहे. चेहऱ्यावरून भांडण आहे. वरच्या आळीला मिशा हव्यात, खालच्या आळीला नकोत. तीस नोव्हेंबरला अनावरण. निमंत्रणं गेली. खरं सांगितलं तर अध्यक्षांचं गावात हसं होईल, ते मला वखारीतल्या फळीने मारतील, ती तोंड बघणार नाही आणि मालक काढून टाकतील. नाही सांगितलं तर ती तोंड बघेल, आणि मला ते दाखवता येणार नाही.

आणि दगडाचं एक असतं, आत्या. तुझ्या कागदावर खोडता येतं. दगडावर फक्त वाढवता येतं.

काय करू?

भाचा

२७ ऑक्टोबर

चि. काडेपेटीस,

तुला रागावायला बसले होते. पान भरून लिहिलंही होतं. ते ठेवून दिलं, कारण माझ्याही पहिल्या पत्रात एक वाक्य गाळलेलं आहे. 'सहज विचारतेय' असं मी लिहिलं. सहज नव्हतं.

मुक्तिलढ्यातला तुमच्या पुलावरचा गोळीबार सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकात होता, पान बेचाळीस. मूळ लिखाणात मेलेल्यांची चौदा नावं होती. पान जुळवलं तर दोन ओळी उतू जात होत्या. पानाच्या तळाला स्वाध्याय होता: 'पुलावरील हुतात्म्यांची नावे लिहा.' स्वाध्याय मंडळाने मंजूर केलेला, त्याला हात लावता येत नव्हता. मग मी नावांना लावला. पहिली तीन ठेवली, अकरा काढली, समासात लिहिलं 'इत्यादी'. साहेब म्हणाले, वा, पान काय सुरेख बसलं. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

पुढच्या वर्षी तुमच्या चौकात दगड लागला, तो पुस्तकावरून. तीन नावं आणि इत्यादी. सातवीच्या मुलांनी पुढे बावीस वर्षं तेच उत्तर लिहिलं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले. तुझे अध्यक्षही त्यातलेच असतील. त्यांना हसू नकोस. तीन नावं खरवडणाऱ्यांनी नेली, अकरा मी.

ते मुद्रित मी फेकलं नव्हतं. का, ते विचारू नकोस. सोबत पाठवतेय, कडा पिवळ्या पडल्यात, जपून उघड. माझी लाल रेघ दिसेल. तिच्याखाली नावं स्पष्ट वाचता येतात, कारण मी नेहमी बारीक रेघ मारते. एक नावाडी, एक शाळामास्तर, दोन लोहार सख्खे भाऊ, छापखान्यात खिळे जुळवणारा एक. त्याला तर मी तरी ठेवायला हवं होतं, आमच्याच धंद्यातला.

आता दगड. तू रडतोयस, पण आपली ओळ नीट वाचलीस का? 'इत्यादी यांना नम्र अभिवादन'. यात चुकीचं एक अक्षर नाही. फक्त आधी नावं नाहीत. आणि तू म्हणतोस अडीच फूट जागा कोरी आहे. चेहरा कोरू नकोस. तिथे चौदा नावं कोर, दोन रांगांत, आणि खालची ओळ आहे तशी राहू दे. खोडायला काहीच लागत नाही.

फक्त चौदावं नाव आणि 'इत्यादी' यांच्या मध्ये एक ओळ रिकामी सोड. मालक विचारतील कशाला. सांग, आत्याने जन्मभर ओळी वाचवल्या, एक वाया जाऊ दे.

पण हे सगळं नंतर. आधी सर्वनामाला सांग, मग तिच्या वडलांना. फळीने मारलं तर मार खा. उलट हात उचललास तर मला पत्र लिहू नकोस.

आत्या

६ नोव्हेंबर

आत्यांना नमस्कार,

तुमची-माझी ओळख नाही. मी सर्वनाम.

तुमची पत्रं त्यांनी मला वाचायला दिली, स्वतः काय लिहिलं ते मात्र सांगायला तयार नव्हते, म्हणाले त्यात बेडूक आहे. ते रविवारी आमच्या घरी आले, दगडाची पूड धुऊन. मी त्यांना धुतलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

आधी मला दारातच सगळं सांगितलं. मी म्हणाले, "इत्यादी म्हणजे काय हे मला माहीत नसेल असं वाटलं तुम्हाला? मी वाचनालयात काम करते. त्या दिवशी मला खोकला नव्हता आला, हसू आलं होतं." ते म्हणाले, "मग दोन महिने बोलला का नाहीत?" मी म्हणाले, "बाबा ऐकत नव्हते. पहिल्याच दिवशी सांगितलं तर म्हणाले, तो कारखान्यातला हुशार मुलगा खोटं बोलेल का? मग मी बघत होते, हुशार मुलगा कधी बोलतो."

मग ते आत गेले. बाबांनी सगळं ऐकलं. मुद्रित हातात घेतलं, चष्मा पुसला, तुमच्या लाल रेघेवर बोट ठेवून चौदाही नावं एकेक करून वाचली. फळी उचलली नाही, नुसते उठून आतल्या खोलीत गेले. दोन दिवस वखार बंद. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "शब्द मला माहीत नव्हता असं नाही गं. हजार वेळा लिहिलाय. पण दगडावर एवढ्या मोठ्या अक्षरात दिसला, वाटलं, हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. मग विचारायची लाज वाटली. एकदाच विचारलं, तर हा भेटला."

हा म्हणताना ते हसले, असं मला वाटलं. तुमच्या भाच्याला ते अजून पटत नाही. रोज हेल्मेट घालून आमच्या गल्लीतून जातात. त्यांच्याकडे सायकल आहे.

तुमची,
सर्वनाम

२ डिसेंबर

आत्या,

झालं एकदाचं. सविस्तर लिहितो.

आदल्या दिवसापर्यंत नावं कोरत होतो. शेवटच्या दोन लोहारांपैकी एक मालकांनी स्वतः कोरला, म्हणाले भाऊ आहेत, एका हातचे नकोत, दोन हातांचे वेगळे दिसू देत. रिकाम्या ओळीवरून कुरकुरले, पण तुझं वाक्य सांगितल्यावर त्यांनीच ती आखून दिली.

चौकात तुडुंब गर्दी. आम्ही पुढे बसलो नाही, मागे खांबाला टेकून उभे होतो. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, ते तिने काढून हातात धरलं.

पडदा सरकला. वरच्या आळीचे मिशा शोधत होते, खालच्या आळीचे मिशा नाहीत म्हणून टाळ्या वाजवायच्या तयारीत. दोघांनाही चेहराच दिसेना. अध्यक्ष माइकपाशी गेले. भाषणाचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "मी तीन महिने तुम्हाला एका माणसाच्या गोष्टी सांगितल्या. तो माणूस नव्हता. ही चौदा माणसं होती. मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं, पण मी अध्यक्ष, म्हणून जास्त मी." मग चौदा नावं वाचली, सावकाश.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. पहिलं हसायचं धाडस कुणालाच झालं नाही, कारण प्रत्येकाच्या घरात एकेक निबंध होता. रंगाच्या दुकानदाराला कुणीतरी विचारलं, "मग तुमचे पणजोबा यातले कितवे?" तो म्हणाला, "ते इत्यादींतच आहेत." तेवढ्यावर मात्र सगळा चौक हसला. अध्यक्षही.

लोक पांगायला लागले तेव्हा एक म्हातारी पुढे आली. ऐंशीच्या वरची, हातात पिशवी. दगडापाशी जाऊन नावांवरून हात फिरवला, खाली आली, रिकाम्या ओळीवर थांबली. आम्ही जवळ गेलो. तिने मला विचारलं, "हे इत्यादी म्हणजे बाकीचे ना?" एवढ्या गावात हे विचारणारी ती पहिली, आत्या. मी हो म्हणालो. ती म्हणाली, "माझी आजी पुलापलीकडे दूध घालायची. त्या दिवशी गेली ती आलीच नाही. दूधवालीचं नाव कोण लिहून ठेवतंय. ही ओळ तिच्यासाठीच सोडलीय का?"

मी त्या ओळीवरची पूड बोटाने पुसली. अध्यक्ष मागे उभे होते. त्यांनी खिशातून तीच वही काढली आणि म्हणाले, "आजी, नाव सांगा. आणि आणखी काय आठवतं तेही सांगा. या वेळी मी चार जणांना विचारून घेईन." मग माझ्याकडे बघून, "तुला सोडून."

आम्ही उद्या त्या आजींकडे जाणार आहोत. ते नाव तुझं उत्तर आलं की कोरायला घेतो. ओळीत बरोबर बसतंय, मापून पाहिलं.

भाचा

८ डिसेंबर

चि. काडेपेटीस,

पत्र तीनदा वाचलं.

दूधवालीचं नाव कोरण्याआधी त्या आजींकडून पहिली वेलांटी आहे की दुसरी ते विचारून घे. त्यांना लिहिता येत नसेल तर त्या तोंडाने ते नाव कसं घेतात ते ऐक, आणि तसं लिही. घाई करू नकोस. आणि नाव कोरून झालं की त्याच्याखाली आणखी एक ओळ बसते का, तेही मापून ठेव.

तुझ्या पत्रात तीन ठिकाणी 'मी' हवं तिथे 'आम्ही' पडलंय. सवयीने लाल खूण केली होती. मग खोडली.

आत्या